आकाश तर निळं होतं

रोज सकाळी नऊला ऱ्होडा आयस्बिस्टर
टेकडीवरच्या पंपाचं झाकण उघडते,
कालचा कागद चिमट्याने उचलते, आजचा बसवते,
पाकिटावर तारीख लिहिते, वारा लिहिते,
कधीकधी "मेंढी कुंपणात शिरली होती" असंही.
लर्विकची हवा दिवसभर त्या कागदातून जाते:
मीठ, पीटचा धूर, मासळीच्या गोदामाचा वास,
आणि ज्याला वास नाही ते.

ते मोजायला मी.

दगडांच्या फटीतून रेडॉन वर येतो,
चार दिवसांत निम्मा सरतो,
मागे ठेवतो शिसं.
शिशाच्या पोटी बिस्मथ, बिस्मथच्या पोटी पोलोनियम.
साध्या हवेत हे पोर आजीच्या पदराआड असतं,
दहात एखादं.
डोंगर पेटला की हिशेब उलटतो.
शिसं रसात बरंचसं बसून राहतं,
पोलोनियम वाफेला लटकून एकटंच पळतं.
जत्रेत एकटं पोर दिसलं
की पोलीस आधी विचारतो, कुठल्या गावचं रे तू?

त्या ऑक्टोबरात आइसलँडातला एक डोंगर फुटला.
तीन दिवस संबराचा विमानतळ बंद.
ॲबर्डीनला ऱ्होडाची बहीण एल्स्पेथ
पेटीत वाट पाहत होती, आणि बोटीत
एक खुर्चीसुद्धा रिकामी नव्हती.
ऱ्होडाने तिन्ही दिवस कागद बदलले.
वारा वायव्य. आकाश निळं.
तिसऱ्या पाकिटावर "निळं"खाली दोन रेघा,
दुसरीने कागद फाटला होता.

आठवड्याने ती प्रयोगशाळेत आली,
ओले बूट दाराशी काढून, मोज्यांवर.
"एवढंच सांग. वर काही होतं का?
की मी उगाच थांबले?"

अर्धा कागद गॅमाच्या विहिरीत, शिशासाठी.
अर्धा आम्लात विरघळवला,
आणि चांदीची चकती घासायला घेतली.
ते मला कुणी शिकवावं लागलं नाही.
हुपरीला बाबांच्या पाटावर
पैंजणांचे घुंगरू घासत मी मोठी झाले,
चांदी कधी तयार झाली ते बोटांना कळतं.
कोमट द्रावणात चकती टांगली
की पोलोनियम आपणहून येऊन बसतं,
वीज नको, विनवणी नको.
मग अंधाऱ्या डबीत चार दिवस
एकेक टिचकी मोजायची.

पहिला दिवस: शिसं दहा, पोलोनियम एक.
दुसरा: शिसं दहा, पोलोनियम चौदा.
तिसरा: अकरा, आणि सव्वीस.

होतं, मी म्हटलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी
डोंगर तुझ्या अंगणातून गेला.
"विमान पाडण्याइतका?"
ते ही चकती सांगत नाही.
ती गाव सांगते, गर्दी सांगत नाही.

ऱ्होडा आकड्यांकडे बघत राहिली.
चहावर साय धरली.
"माझं तिकीट," ती म्हणाली,
"पहिल्या दिवसाचं होतं."

जमिनीलगतच्या कागदाला
दहा किलोमीटर वरचं काय कळणार,
हे तेव्हा मी म्हणायला हवं होतं.
मी खिडकी लावली. वारा वायव्यच होता.

मार्चमध्ये तीच चकती पुन्हा मोजली.
एकशे अडतीस दिवस,
सव्वीसचे तेरा.
शिस्त मोडत नाही पोलोनियम,
कुणाची बहीण गेली म्हणून थांबत नाही,
घाईही करत नाही.
चकती खणात ठेवली. अजून थोडी काळी पडलीय,
बाबा असते तर चिंच लावून लख्ख केली असती,
आणि सगळी साक्ष मोरीत गेली असती.

पाकिटं अजून रोज येतात.
ऱ्होडा आता आकाशाचा रंग लिहीत नाही.
वारा लिहिते.
मेंढी लिहिते.